टायर सव्वीसचा, सायकल सव्वीसची, तरी ट्यूब पुन्हा पुन्हा का फुटते?

सांगलीला आईची जुनी लेडीज सायकल आहे. भाजी, दूध, देऊळ, सगळं तिच्यावरच. गेल्या दिवाळीनंतर तिच्या मागच्या चाकाची ट्यूब पंधरा दिवसांत तीनदा गेली. पंक्चर झाली म्हणत नाही मी, फुटली. एकदा तर सायकल अंगणात स्टँडवर उभी होती, कोणी हातही लावला नव्हता, आणि भर दुपारी शेजारच्यांची झोप मोडेल असा बार झाला. ट्यूब काढून पाहिली तर ना काटा, ना खिळा. वीतभर लांब चीर.

दुकानातल्या मामांनी पहिल्या वेळी "ट्यूबच खराब लागली" म्हणून बदलून दिली. दुसऱ्या वेळी "काकू, तुम्ही हवा जास्त मारताय" असं आईलाच सुनावलं. हातपंपाने दहा वेळा दाबलं की आईचा दम संपतो, ती जास्त हवा कुठून मारणार? तिसऱ्या वेळी मी तिथे होतो. टायर महिन्याभरापूर्वीच नवा टाकलेला. मी विचारलं, "मामा, टायर याच मापाचा आहे ना?"

"सव्वीसच्या चाकाला सव्वीसचाच घातलाय की."

खोटं बोलत नव्हते ते. टायरवर ठळक २६ होतं. पण आईने जुना टायर टाकून दिला नव्हता, पाण्याच्या टाकीच्या झाकणावर वजन म्हणून ठेवला होता. तो खाली काढला, ओल्या फडक्याने पुसला आणि दोन्ही टायर शेजारी ठेवले. जुन्यावर लिहिलं होतं २६ × १ १/२ आणि त्याच्या बाजूला बारीक अक्षरात ४०-५८४. नव्यावर २६ × १ ३/८ आणि बारीक अक्षरात ३७-५९०. दोन्ही सव्वीस. फरक सहा मिलिमीटरचा, आणि त्या सहा मिलिमीटरनी तीन ट्यूबा खाल्ल्या होत्या.

असंच काही तुमच्याकडे चाललं असेल तर पुढचं वाचा. नेहमीचं पंक्चर, काटा, काच वगैरे असेल तर शेवटी थोडं लिहिलंय, थेट तिकडे गेलात तरी चालेल.

सहा मिलिमीटरने काय बिघडतं

टायरच्या दोन्ही कडांमध्ये पोलादी तारेचं कडं असतं. टायरचं रबर ताणतं, तार ताणत नाही. ट्यूबमध्ये हवा भरली की ती टायरला चहूबाजूंनी बाहेर ढकलते, आणि टायर जागचा हलत नाही तो केवळ ही तार रिमच्या आतल्या पायरीवर घट्ट बसलेली असते म्हणून. त्या पायरीचा व्यास म्हणजे तो तीन आकडी आकडा. रिम ५८४ ची आणि टायर ५९० चा, म्हणजे कडं सैल.

गंमत अशी की असा टायर चढवताना कुठेच त्रास होत नाही. उलट फार सुखाने चढतो, लिव्हरसुद्धा लागत नाही. बसवणारा खूश, गिऱ्हाईक खूश. प्रेशर कमी असेपर्यंत काही कळतही नाही. हवा वाढली की सैल कडं एका अंगाला सरकतं. व्यासात सहा मिलिमीटर म्हणजे घेरात जवळजवळ एकोणीस मिलिमीटरची ढिलाई, आणि ती सगळी एका जागी गोळा होते. तिथे टायरची कड रिमच्या काठावर चढते, फटीतून ट्यूबचा फुगा बाहेर डोकावतो. सायकल चालू असेल तर ब्रेकचं रबर त्याला घासतं. उभी असेल तर ऊन पुरतं: आतली हवा तापते, फुगा वाढतो आणि जातो. आईच्या अंगणात दुपारी झालेला बार तो हाच.

हे ओळखायची एक सोपी खूण आहे. कुठल्याही टायरच्या बाजूला, रिमला लागून, रबराचीच एक बारीक उंचवट्याची रेघ गोल फिरलेली असते. हवा भरल्यावर ही रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. चाक अधांतरी धरून सावकाश फिरवा आणि नजर रेघेवर ठेवा. एका जागी रेघ रिमखाली गडप आणि बरोबर समोरच्या बाजूला बोटभर वर आलेली दिसली, तर लगेच हवा सोडा. नीट न बसवलेला टायरही असाच दिसतो, म्हणून एकदा हवा काढून, कडा हाताने चेपून, पुन्हा भरून पाहा. दुसऱ्यांदाही रेघ लंगडत असेल तर माप चुकलंय.

उलटी चूक झाली, म्हणजे रिम ५९० ची आणि टायर ५८४ चा, तर तो चढतच नाही. मग कोणीतरी मोठा स्क्रू-ड्रायव्हर आणतो, टायर कसाबसा आत कोंबतो आणि नव्याकोऱ्या ट्यूबला बसवतानाच भोक पाडतो. बरोबर मापाचा टायर साधारण वीतभर राहिला की अडतो आणि अंगठ्यांचा जोर मागतो. तेवढं अडणं हवंच. अजिबात न अडणाऱ्या टायरवर मी आता संशय घेतो.

एका सव्वीसची चार सव्वीस कशी झाली

इथे जरा थांबतो, कारण हे कळलं की पुढचं सगळं सोपं जातं.

इंचातला पहिला आकडा रिमचा नाही. तो हवा भरलेल्या टायरच्या बाहेरच्या व्यासाचा, तोही ते माप ठरलं तेव्हाच्या टायरचा. दुसरा आकडा टायरच्या जाडीचा. म्हणजे रिमचं माप हवं असेल तर बाहेरच्या व्यासातून टायरची जाडी दोनदा वजा करायची, एकदा वरची, एकदा खालची. करून पाहू. एक इंच २५.४ मिलिमीटर, म्हणून २६ इंच झाले ६६०.४.

टायर दीड इंची असेल तर दीड इंच म्हणजे ३८.१, दोनदा ७६.२. उरले ५८४.२. हा झाला ५८४.

टायर १ ३/८ चा असेल तर जाडी जवळजवळ ३४.९, दोनदा ६९.८५. उरले ५९०.५५. हा झाला ५९०.

टायर १ ३/४ चा असेल तर उरतात ५७१.५. हा ५७१.

आणि दोन इंची जाडजूड टायर असेल तर ५५८.८. हा ५५९, म्हणजे आजवर विकल्या गेलेल्या सव्वीस इंची माउंटन बाइकची रिम.

चारही चाकं बाहेरून सव्वीसच इंच. टायर जितका जाड तितकी रिम लहान, इतकाच हिशेब. पुढे लोकांनी त्याच रिमवर कमी-जास्त जाडीचे टायर बनवले, बाहेरचा व्यास बदलला, पण नावातलं सव्वीस तसंच राहिलं. आडनावासारखं झालं ते. कुलकर्णी आडनावाच्या माणसाकडे कुलकर्णीपण असतंच असं नाही.

अठ्ठावीस-दीडलाही हे गणित चोख लागू पडतं: ७११.२ वजा ७६.२, बरोबर ६३५. आणि नव्या माउंटन बाइकचे २९ × २.२५ घेतले तर ७३६.६ वजा ११४.३, म्हणजे ६२२.३. नाव एकोणतीस, रिम मात्र ६२२, रोड बाइकवाल्यांच्या ७०० सीची तीच.

पण या गणितावर भरवसा ठेवून दुकानात जाऊ नका. २७ × १ १/४ ला ते ६२२.३ सांगतं आणि प्रत्यक्षात ती रिम ६३० ची असते. २० × १ ३/८ ला ४३८ सांगतं, असते ४५१. घोळ समजून घ्यायला गणित ठीक आहे, टायर घ्यायला नाही.

यात आपल्या बोलण्याने आणखी भर पडते. २६ × १.७५ आणि २६ × १ ३/४ हे दोन्ही आपण तोंडाने "सव्वीस-पावणेदोन"च म्हणणार. शाळेतल्या बाईंनीही दोन्ही सारखेच म्हणून शिकवले. सायकलच्या दुकानात ते सारखे नाहीत: दशांशातला ५५९ वर बसतो, अपूर्णांकातला ५७१ वर. दशांश लिहिलेला आणि अपूर्णांक लिहिलेला टायर एकमेकांच्या जागी चालत नाहीत असंच धरून चाला.

७०० सी ही फ्रेंच पद्धत. ७०० म्हणजे बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये, आणि पुढच्या अक्षराने एके काळी टायरची जाडी कळायची. ए बारीक, बी त्याहून जाड, सी आणखी जाड. म्हणून ए, बी, सी असं पुढे जाल तशी रिम लहान होते. आज सीच्या रिमवर पंचवीस मिलिमीटरचे बोटाएवढे टायर चालतात, तेव्हा अक्षराचा जाडीशी काही संबंध उरलेला नाही. ७०० बी म्हणजे ६३५, आपलं अठ्ठावीस-दीड. ६५० बी म्हणजे ५८४. यातली मजा बघा: आईच्या जुन्या लेडीज सायकलची आणि कॉलेजच्या पोरांच्या साडेसत्तावीस इंची गिअरवाल्या सायकलची रिम एकाच व्यासाची, दोन्ही ५८४. अर्थात त्या पोरांचा सव्वादोन इंची टायर आईच्या मडगार्डमध्ये शिरणार नाही, ती गोष्ट वेगळी.

टायरवर नेमकं काय वाचायचं

जुन्या टायरची बाजू पुसून घ्या. रबरात उमटवलेली अक्षरं काळ्यावर काळी असतात, उभ्या उजेडात दिसत नाहीत. मोबाइलचा टॉर्च टायरला अगदी टेकवून तिरपा धरा, किंवा खडू घासा, लगेच उठून दिसतात.

शोधायची ती "दोन आकडी, आडवी रेघ, तीन आकडी" अशी जोडी: ३७-५९०, ४०-६३५, २८-६२२, ५४-५५९. आयएसओ ५७७५ या आंतरराष्ट्रीय मानकाची ही पद्धत. दुकानात किंवा इंटरनेटवर तिला ईटीआरटीओ नंबरही म्हणतात. दोन आकडी म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, तीन आकडी म्हणजे रिमच्या पायरीचा व्यास. तीन आकडी आकडा जुळलाच पाहिजे, तिथे घासाघीस नाही. रुंदी पाच-सात मिलिमीटर इकडे-तिकडे झाली तरी निभतं, फक्त मडगार्ड, ब्रेक आणि मागच्या दांड्यांना टायर घासत नाही ना ते पाहायचं. रिमची आतली रुंदी मोजता आली तर टायर तिच्या दीडपट ते दुपटीपर्यंत असावा. रिमवर ६२२ × १९ सी असं काही लिहिलेलं असेल तर १९ ही तीच आतली रुंदी.

नेहमी लागणारी मापं खाली देतो. आपल्या सायकलीची ओळ तेवढी उतरवून घ्या.

६३५ : २८ × १ १/२, आपली काळी रोडस्टर, दूधवाल्यांची आणि पोस्टमनची
६३० : २७ × १ १/४, जुन्या रेसर सायकली
६२२ : ७०० सी, सगळे २९, आणि २८ × १ ५/८ × १ ३/८
५९० : २६ × १ ३/८
५८४ : २६ × १ १/२, सगळे २७.५, ६५० बी
५७१ : २६ × १ ३/४, ६५० सी
५५९ : २६ × १.७५ पासून २६ × २.३ पर्यंत दशांशातले सगळे
५४० : २४ × १ ३/८
५०७ : २४ × १.७५ आणि दशांशातले बाकीचे
४५१ : २० × १ ३/८
४०६ : २० × १.७५ आणि दशांशातले बाकीचे, घडीच्या आणि मुलांच्या सायकली
३४९ : १६ × १ ३/८
३०५ : १६ × १.७५
२०३ : १२ १/२ × २ १/४, लहानग्यांची पहिली सायकल

यातल्या धोक्याच्या जोड्या म्हणजे ज्यांच्यात फरक इतका कमी की चूक लगेच कळत नाही: ५८४ आणि ५९०, ६२२ आणि ६३०, ६३० आणि ६३५. ५५९ च्या रिमवर ५९० चा टायर कोणी घालून दिला तर तो घालतानाच लोंबतो, आंधळ्यालाही कळेल. फसवतात ते हे पाच-सहा-आठ मिलिमीटरवाले.

जर्मनीत किंवा आसपास राहणाऱ्यांसाठी एक सूचना. तिथे नुसतं अठ्ठावीस म्हटलं की ६२२ समजतात. एका मित्राने आजोबांच्या सायकलसाठी तिकडून मोठ्या हौसेने अठ्ठावीसचे दोन टायर आणले होते. ते तेरा मिलिमीटरने लहान निघाले आणि अजून माळ्यावर पडून आहेत. नेदरलँड्समध्ये जुन्या धाटणीच्या उभ्या सायकलींना मात्र ६३५ च लागतो, तिथून आणला तर इथे बसेल.

"आमची सायकल बावीस इंची आहे"

हा आपला खास घरगुती घोटाळा. बावीस इंची, चोवीस इंची सायकल म्हणतो तो आकडा चाकाचा नसतो, फ्रेमचा असतो, सीटखालच्या उभ्या दांड्याच्या उंचीचा. दांड्याखालून पाय घालून आपण जी शिकलो ती चोवीस इंची, तिची चाकं अठ्ठावीस-दीडची. बावीस इंचीचीही तीच. आता कोणी दुकानात फोन करून "बावीस इंचीचा टायर आहे का" विचारलं आणि समोरच्याने मुलांच्या सायकलचा टायर बांधून दिला, तर दोष कोणाचा? मुलांच्या सायकलींना विकताना मात्र चाकाचा आकडा सांगतात. म्हणजे घरात दोन सायकली असतील तर एकीचे इंच फ्रेमचे आणि दुसरीचे चाकाचे.

टायरवर आकडा नसेल किंवा झिजून गेला असेल तर

रिमवर बघा, आतल्या बाजूला रबरी पट्टीखालीही कधी कधी कोरलेला असतो. तिथेही नसेल तर दोऱ्याने मोजा. व्यास मोजायला जाऊ नका. मधे एक्सल येतो, टेप तिरका होतो आणि सहा मिलिमीटरची चूक सहज होते. घेर मोजला की दोन मापांतला तोच फरक तिपटीने मोठा दिसतो, म्हणून पकडता येतो.

टायर-ट्यूब काढून रिम मोकळी करा. न ताणणारा दोरा घ्या, लोकर किंवा इलॅस्टिक नको. रिमच्या आत, भिंतीला लागून जी अरुंद पायरी असते, जिच्यावर टायरची तार बसते, तिच्यावर दोरा ठेवत पूर्ण फेरी मारा. मधल्या खोलगट भागात तो घसरू देऊ नका, तिथे घेर कमी भरतो. जागोजागी चिकटपट्टी लावली तर एकट्याने जमतं, नाहीतर घरातल्या कोणाला तरी हाताशी घ्या. मग दोरा सरळ करून स्टीलच्या टेपने मोजा. शिंप्याची टेप दीड मीटरचीच असते, पुरत नाही.

५५९ ला घेर १७५६ मिलिमीटर येतो, ५७१ ला १७९४, ५८४ ला १८३५, ५९० ला १८५४, ६२२ ला १९५४, ६३० ला १९७९, ६३५ ला १९९५. तुमचा आकडा दोन-चार मिलिमीटर पुढे-मागे येईल, पण कुठल्या गटात बसतो ते स्पष्ट कळेल. आईच्या रिमला मला १८३७ मिळाले होते.

ट्यूबचं माप

ट्यूबच्या बाबतीत एवढं कडक व्हायची गरज नाही. तिला तार नसते, ती फुगते आणि टायरचा आकार घेते. म्हणून ५८४ आणि ५९० ला एकच ट्यूब चालते, ६२२ आणि ६३० ला एकच. तिच्यावर एक आकडा नसून पल्ला असतो: २६ × १.७५/२.१२५ म्हणजे पावणेदोन इंचांपासून सव्वादोनच्या जरा अलीकडपर्यंतच्या टायरला, किंवा ७०० × ३५/४३ सी. आपल्या टायरची रुंदी त्या पल्ल्यात बसली की झालं.

न बसली तर दोन तऱ्हा. ट्यूब फार जाड असेल तर टायरमध्ये तिची घडी पडते, आणि चालताना ती घडी स्वतःलाच घासून फाटते. भोक दर वेळी एका सुरकुतीवर सापडलं तर कारण हेच. ट्यूब फार बारीक असेल तर ती ताणून पातळ होते, पॅच धरत नाहीत, हवा लवकर उतरते.

टायरमध्ये घालण्याआधी ट्यूबमध्ये दोन-तीन पंप हवा भरून ती जेमतेम गोल करून घ्या. घडी पडत नाही आणि टायरची कड शेवटी आत सारताना ट्यूब तिच्याखाली चिमटत नाही. थोडी टाल्कम पावडर लावली तर ट्यूब आत नीट सरकून बसते. मामाही लावतात, पोंड्सचा जुना डबा असतो त्यांच्याकडे.

व्हॉल्व्ह

ट्यूब घेताना माप बरोबर आणि व्हॉल्व्ह भलताच, असंही होतं. खोक्यावर डीव्ही किंवा ईव्ही लिहिलं असेल तर आपला जुना डनलॉप व्हॉल्व्ह, आत वॉल-ट्यूब, म्हणजे बारीक रबरी नळी, असलेला. एव्ही म्हणजे स्कूटरसारखा, मधे पिन असलेला. एसव्ही किंवा एफव्ही म्हणजे रोड बाइकचा बारीक, प्रेस्टा. प्रेस्टाला रिममध्ये साधारण साडेसहा मिलिमीटरचं भोक लागतं, बाकी दोघांना आठच्या वर. मोठ्या भोकात बारीक व्हॉल्व्ह बसवला तर तो हलतो आणि मुळाशी ट्यूब कापली जाते. चीर दर वेळी व्हॉल्व्हच्या बुडाशीच पडत असेल तर आधी हे तपासा. मग हे पाहा की व्हॉल्व्ह तिरका झालाय का. कमी हवेवर सायकल हाकली की टायर ट्यूबला घेऊन रिमवर हळूहळू सरकतो आणि व्हॉल्व्ह ओढला जातो.

डनलॉप व्हॉल्व्हची एक जुनी खोड. रात्री हवा टुकटुकीत, सकाळी चाक जमिनीला टेकलेलं, आणि ट्यूब पाण्याच्या घमेल्यात फिरवली तर एकही बुडबुडा नाही. अशा वेळी ट्यूब बदलू नका. व्हॉल्व्हच्या तोंडावर बोटाने थुंकी लावा. फुगा आला तर आतली वॉल-ट्यूब गेलीय, ती वर्षभरात कडक होऊन चिरते. नट काढा, आतली पितळी कांडी उपसा, जुना रबरी तुकडा सोलून नवा थोडा ओला करून चढवा. कांडीच्या बाजूचं बारीक भोक पूर्ण झाकलं गेलं पाहिजे. अर्ध्या चहाच्या पैशात काम होतं.

एव्ही व्हॉल्व्हला पेट्रोल पंपावर हवा भरता येते, पण तिथल्या मुलाला "सायकल आहे, हळू" असं आधी सांगा. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा मावते किती, कंप्रेसर दोन सेकंदांत ती पार करतो. किती भरायची ते टायरवरच लिहिलेलं असतं, पीएसआय किंवा केपीएमध्ये: ६५ पीएसआय म्हणजे जवळजवळ ४५० केपीए, किंवा साडेचार बार.

माप बरोबर असूनही पंक्चर होत असेल तर

ट्यूबच्या कुठल्या बाजूला भोक आहे ते बघा. जमिनीकडच्या बाजूला असेल तर काटा किंवा काच. बाभळीचा काटा बाहेरून तुटून जातो आणि टोक टायरमध्ये राहतं, ते पुढच्या ट्यूबलाही टोचतं. हायवेच्या कडेने जाणाऱ्यांना ट्रकच्या फाटलेल्या टायरांच्या केसाएवढ्या तारा लागतात, त्या डोळ्याला दिसतच नाहीत. टायर उलटा करून आतून कापसाचा बोळा फिरवा, जिथे धागे अडकतील तिथे गुन्हेगार. हाताने चाचपू नका.

स्पोकच्या बाजूला भोक असेल तर रिमची पट्टी सरकलीय किंवा स्पोकचं टोक वर आलंय. दोन भोकं शेजारी शेजारी, साप चावल्यासारखी, असतील तर हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमच्या काठावर चेपली गेली.

टायर बसवताना त्यावरचं कंपनीचं नाव नेहमी व्हॉल्व्हच्या समोर येईल असं ठेवा. पुढे पंक्चर झालं की ट्यूबवरचं भोक व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे ते पाहून टायरवरही तिथेच शोधता येतं, सगळा टायर धुंडाळावा लागत नाही.

आईच्या सायकलला ४०-५८४ चा टायर दुसऱ्या दिवशी मिळाला, त्याच मामांच्या दुकानात, वरच्या फळीवर. त्यांनी आधीचा टायर परत घेतला आणि पैसे वळते करून दिले, हेही सांगायला हवं. चढवताना शेवटची वीत अडली, मामांचे अंगठे लाल झाले, रेघ सगळीकडे सारखी उठली. आईने घरी येऊन कपाटातली नेलपॉलिश काढली आणि चेनकव्हरच्या आतल्या बाजूला ५८४ असा आकडा लिहून ठेवला. परवा मामांनी तो पाहिला आणि विचारलं, "काकू, हा घराचा नंबर का?"

"तुमच्यासाठी लिहिलाय," आई म्हणाली.

चार महिने झाले, ट्यूब तीच आहे.